जीभ गुंडाळता येते का?

आनुवंशिकतेचा पाठ सुरू झाला की अनेक वर्गांत एक उपक्रम हमखास होतो. ज्यांना जीभ पन्हाळीसारखी गुंडाळता येते त्यांनी हात वर करायचे. मग कानाच्या पाळ्या पाहायच्या, मोकळ्या की चिकटलेल्या. मुले घरी आईवडिलांची तपासणी करतात, तक्ता भरतात आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिले जाते : जीभ गुंडाळता येणे हे प्रभावी लक्षण, न येणे हे अप्रभावी. साहित्य लागत नाही, खर्च नाही, वर्गही खुशीत असतो. मी विद्यार्थी असताना हेच शिकलो आणि पुढे शाळांतल्या व्याख्यानांत काही वर्षे हेच सांगितले. तरीही आज आहे त्या स्वरूपात हा उपक्रम बंद करावा, असे माझे मत आहे.

पहिले कारण, तो शास्त्राला धरून नाही. जीभ गुंडाळण्याचा संबंध आनुवंशिकतेशी जोडला तो अमेरिकी शास्त्रज्ञ आल्फ्रेड स्टर्टव्हंट यांनी, १९४० मध्ये. १९५२ मध्ये एकयुग्मज जुळ्यांच्या ३३ जोड्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. अशा जुळ्यांची जनुके सारखी असतात. तेव्हा एकच जनुक हे ठरवीत असेल, तर दोघांचे उत्तर एकच यायला हवे. ७ जोड्यांत ते वेगळे आले! पुढे १९६५ मध्ये स्टर्टव्हंट यांनी स्वतःच हे मान्य केले आणि पुस्तकांत हे उदाहरण अजून छापले जाते याबद्दल संकोच व्यक्त केला. आपण मात्र ते सोडले नाही. कानाच्या पाळीचेही तसेच. २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासात तिच्याशी संबंधित ४९ जागा जनुकसंचात सापडल्या.

दुसरे कारण मला अधिक गंभीर वाटते. एका शिक्षक-शिबिरात एका बाईंनी सांगितलेली हकिकत. त्यांच्या वर्गातल्या मुलीला जीभ गुंडाळता येत होती, आईला येत नव्हती आणि वडिलांनाही नाही. फळ्यावरच्या नियमाप्रमाणे हे अशक्य. तास संपल्यावर ती हळूच बाईंजवळ आली आणि म्हणाली, ''मग मी त्यांची नाही का?'' बाईंजवळ उत्तर नव्हते, कारण पाठात ते नव्हते. चुकीच्या नियमाने एका घरात संशय पेरला होता.

'मग रक्तगट घ्यावेत', असे कोणी सुचवील. ए, बी, ओ गटांची आनुवंशिकता खरोखरच सरळ आहे, पण तिलाही अपवाद आहे आणि तो आपल्या मुंबईचाच. डॉ. य. मो. भेंडे व सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये 'बॉम्बे' रक्तगटाची नोंद केली. अशा व्यक्तीत 'एच' हा मूळ पदार्थच तयार होत नाही. त्यामुळे नेहमीच्या तपासणीत तिचा गट 'ओ' दिसतो. मात्र तिच्याजवळ 'ए'चे जनुक असू शकते आणि ते अपत्यात उतरू शकते. म्हणजे आईवडील दोघेही 'ओ' दिसत असताना मूल 'ए' असू शकते. तेव्हा आईवडिलांची तपासणी हा गृहपाठ नसावाच.

दोष मेंडेलचा नाही. त्याने वाटाण्याचे ३४ वाण मिळवले, दोन वर्षे त्यांची शुद्धता पारखली, २२ ठेवले आणि स्पष्ट वेगळी दिसणारी ७ लक्षणेच निवडली. दुसऱ्या पिढीत ५,४७४ बिया गोल, तर १,८५० सुरकुतलेल्या निघाल्या, म्हणजे जवळजवळ ३ : १. हे स्वच्छ प्रमाण त्या काटेकोर निवडीतून आले. आपण प्रमाण शिकवतो, निवड गाळतो. मग उंची, त्वचेचा रंग अशी अनेक जनुकांवर आणि परिस्थितीवर अवलंबून असणारी लक्षणेही मुले एकाच जनुकाच्या साच्यात बसवू पाहतात.

पर्याय सोपा आहे. दोन नाणी घ्यावीत. एक आईकडून येणाऱ्या जनुकाचे, दुसरे वडिलांकडून येणाऱ्या. छापा प्रभावी, काटा अप्रभावी. दोन्ही एकदम १०० वेळा उडवून नोंदी कराव्यात. निदान एक छापा सुमारे ७५ वेळा येईल. पहिल्या चारच फेकी पाहिल्या तर ३ : १ येईलच असे नाही, हेही मुलांना दिसेल. जीभ गुंडाळायचीच असेल, तर फक्त वर्गातली मोजणी करावी, घरी चौकशी नको. मग जुळ्यांच्या ३३ जोड्यांची माहिती देऊन विचारावे : एका जनुकाचे म्हणणे टिकते का? नियम पाठ करण्यापेक्षा तो तपासायला शिकणे, हेच विज्ञान.