स्वतःची छपाई वाचणारं यंत्र

प्रिंटरमधून बाहेर पडलेली जी पट्टी ऑपरेटर न बघताच चुरगाळून टोपलीत टाकतो, तिच्याविषयी हे लिहितो आहे. तिच्यावर चित्र नाही, अक्षर असलंच तर नावापुरतं. नुसते रंगीत चौकोन. पण छापखान्यातल्या इतर कुठल्याही कागदापेक्षा ती जास्त बारकाईनं वाचली जाते, आणि वाचणारा माणूस नसतो. एचपीनं २००६मध्ये डिझाइनजेट झेड २१०० आणि झेड ३१०० हे मोठ्या पन्ह्याचे प्रिंटर आणले, तेव्हा रंग मोजणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर त्यांनी यंत्राच्या पोटातच बसवला. एरवी पट्टी छापायची, टेबलावर नेऊन हातातल्या उपकरणानं मोजायची आणि मग संगणकाकडे जायचं, असा मामला असे. ‘उद्या करू’ म्हणायला भरपूर जागा. इथे मोजणारा आणि छापणारा एकाच घरात आले.

आधी ते चौकोन पाहू. प्रत्येक शाई एकटी छापलेली असते, फिकटापासून गडदापर्यंत चढत जाणारी. एखादा चेहरा किंवा फुलांचा गुच्छ का नाही छापला? कारण मिश्रणात दोष कुणाचा ते कळत नाही. तपकिरी लालसर मारत असेल, तर मजेंटा जास्त पडली की सायन कमी, हे नुसत्या त्या तपकिरीवरून सांगणं अवघड. एकट्या शाईच्या ओळीत आरोपी एकच. या ओळीत मधल्या पायऱ्यांकडे खास लक्ष द्या. पन्नास टक्के शाईचा चौकोन कागदावर पन्नास टक्क्यांचा दिसत नाही. शाई थोडी पसरते, ठिपक्याच्या कडेखाली शिरलेला प्रकाश थोडा अडकतो आणि रंग मागितल्यापेक्षा गडद उमटतो. हा फुगवटा टोकांना कमी, मधे जास्त. त्वचेचे, आभाळाचे नाजूक रंग नेमके इथेच राहतात. आता गडद टोक पाहा. एका हद्दीपुढे शाई ओतली तरी रंग गहिरा होत नाही, कागद फक्त ओला होतो. ही हद्द दर कागदाची वेगळी, आणि यंत्र तीसुद्धा याच पट्टीवरून ठरवतं. एवढ्याशा कागदात दोन प्रश्न बसवणाऱ्याला आधी दाद द्यायला हवी.

पट्टी छापून झाली की यंत्र थांबतं. घाईतल्या ऑपरेटरला हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो; माझ्या मते सगळ्या प्रक्रियेतली ही सर्वांत जाणकार जागा आहे. ओली शाई आणि वाळलेली शाई यांचा रंग एक नसतो. वरून सुकलेला पण आत ओलसर राहिलेला पापड डब्यात भरण्याची चूक जशी आठवड्यानं कळते, तशी घाईनं घेतलेली मोजणी पुढच्या प्रत्येक छपाईत कळत राहते. म्हणून वाळण्याचा अवधी कागद बघून ठरतो.

मग वाचन. चकचकीत फोटो बघताना तिरीप टाळायला आपण तो हातात जरा कलता करतो. उपकरणात तीच खबरदारी रचनेतच घातलेली असते: उजेड पंचेचाळीस अंशांतून पडतो आणि पाहणं सरळ वरून होतं, म्हणजे कागदाची चमक बाजूला निघून जाते आणि रंग तेवढा हाती येतो. दिवा स्वतःचा, त्यामुळे दुकानातली ट्यूब पिवळी आहे की निळसर याच्याशी त्याला कर्तव्य नाही. आणि ‘किती लाल?’ असा ढोबळ प्रश्न स्पेक्ट्रोफोटोमीटर विचारतच नाही; जांभळ्यापासून तांबड्यापर्यंतचा प्रकाश बारीक पट्ट्यांत तोडून प्रत्येकीतला किती परत आला ते टिपतो. आपला डोळा कसबी खरा, पण तडजोडी करणारा: पाच मिनिटं हिरवट प्रूफ बघितलं की त्याला ते बरोबर वाटू लागतं. या वाचकाला तशी सवय होत नाही.

वाचून झाल्यावर यंत्र जी दुरुस्ती करतं ती पाहिली की आधी थोडी निराशाच होते, इतकी ती मोजकी असते. फाईलला हात नाही, फोटो ‘सुधारणं’ नाही. प्रत्येक शाईचा चढ जिथे वाकला असेल तिथे सरळ करायचा, बस. कागदावर रंग कसे उमटतात याचं वर्णन प्रोफाइलमध्ये असतं. ही मोजणी-दुरुस्ती, म्हणजे कॅलिब्रेशन, प्रिंटरला त्या वर्णनाबरहुकूम वागायला परत आणतं. या दोन कामांची गल्लत करणारे पुष्कळ भेटतात: रंग जरा हलला की नवं प्रोफाइल बनवायला घेतात. खरी किमया उलट आहे. प्रिंटर जागेवर आला, तर जानेवारीत केलेलं प्रोफाइल जुलैत चालतं आणि लग्नाच्या अल्बमचं एखादं पान फिरून छापावं लागलं तरी शेजारच्या पानाला ते परकं दिसत नाही. रंगांतलं अंतर डेल्टा-ई या एककात मोजतात. साधारण एकच्या आसपास ते नजरेला जेमतेम जाणवतं. तेवढ्यात राहायचं, तर दुरुस्ती मोजकीच हवी.

‘अद्ययावत’ राहण्याची हुशारी मात्र वेगळ्याच ठिकाणी दडलेली आहे. एचपीच्या या प्रिंटरच्या पॅनलवर प्रत्येक प्रकारच्या कागदापुढे त्याची स्थिती लिहिलेली असते. कधीच कॅलिब्रेट न केलेल्या कागदापुढे ‘करावं’ अशी शिफारस. केलं असेल पण नंतर प्रिंटहेड बदललं असेल, तर ‘कालबाह्य’. म्हणजे कालचा निकाल कुठल्या हेडवर लागला होता हे यंत्र विसरत नाही. पारदर्शक फिल्मसारख्या माध्यमापुढे तर ते सरळ नकार देतं: हे मला मोजता येणार नाही. खोटा आकडा देण्यापेक्षा हा नकार मला फार आवडतो. हवेचं भान मात्र माणसानं ठेवायचं. तापमान किंवा आर्द्रता बरीच बदलली तर पुन्हा करा, असं पुस्तिका सांगते. आपल्याकडे त्याचा अर्थ निदान जूनचा पहिला पाऊस.

टोनरवर चालणाऱ्या डिजिटल प्रेसमध्ये मात्र जूनपर्यंत थांबून चालत नाही. टोनर विजेच्या भारावर कागदाकडे ओढला जातो. दमट हवेत, तापलेल्या यंत्रात तो भार बदलतो आणि एकाच जॉबच्या पोटात रंग सरकतो. कोनिका मिनोल्टाच्या आयक्यू-५०१ या जोडयंत्रानं इथे काढलेली तोड पाहण्यासारखी आहे. चौकोन छापले जातात ते प्रत्यक्ष जॉबच्याच शीटच्या कडेला, कटिंगमध्ये जाणाऱ्या भागात. प्रेस न थांबवता, पुढची आणि मागची दोन्ही अंगं वाचली जातात. ऑफसेटच्या जाणत्या मशिनमनला यात ओळखीचं काही दिसेल: शीटच्या कडेची रंगपट्टी भिंगाखाली बघून शाईच्या चाव्या फिरवणं त्यानं आयुष्यभर केलेलं असतं. नवी गोष्ट आहे ती वाचणाऱ्यांच्या जोडीत. स्कॅनर झपाट्यानं वाचतो, पण रंगाच्या खरेपणात कमी पडतो. स्पेक्ट्रोफोटोमीटर सच्चा, पण संथ. म्हणून सच्च्यानं झपाट्याच्या वाचकाला छपाई चालू असतानाच सुधारत राहायचं, आणि त्या सुधारलेल्या वाचकानं प्रेसला.

कडेच्या पट्टीला कागद लागतो, म्हणून काही मालक कुरकुरतात. त्यांनी एकदा मोठ्या जॉबचं पहिलं शीट आणि शेवटचं शीट शेजारी ठेवून सायन, मजेंटा आणि यलो मिळून झालेला राखाडी तेवढा बघावा. तो सगळ्यांत आधी चुगली करतो.