गोधडी : जुनेराचे हस्तकाम आणि समीक्षेचे मौन
(शिरूर व दौंड तालुक्यांच्या संदर्भात)

बीजसंज्ञा : गोधडी, जुनेर, दांड, धावदोरा, पुनर्वापर, स्त्रीश्रम

प्रस्तावना

मराठी ललित लेखनात गोधडीचा उल्लेख आला की तिच्यामागोमाग ‘ऊब’ आणि ‘माय’ हे दोन शब्द हटकून येतात. कैलास दौंड यांची ‘गोधडी’ ही कविता इयत्ता आठवीच्या मराठीच्या पाठ्यपुस्तकात समाविष्ट झाली आणि ज्या मुलांनी आयुष्यात केवळ ब्लँकेटच पांघरले त्यांनाही या वस्तूची ओळख झाली, हे त्या कवितेचे श्रेय होय. तथापि वर्गात गोधडीची चर्चा बहुधा आईच्या मायेपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. प्रतीक बनलेल्या वस्तूची पारख कोणी करीत नाही. टाका सारखा पडला आहे की नाही, आतले थर जागच्या जागी बसले आहेत की सरकून गोळा झाले आहेत, हे प्रश्न मायेपुढे गौण ठरतात. जेथे चांगल्या-वाईटाचा निवाडाच होत नाही तेथे ती वस्तू करणारीला कारागीर म्हणण्याचेही कारण उरत नाही. प्रस्तुत लेखात शिरूर व दौंड या पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुक्यांच्या संदर्भात गोधडीचा विचार हस्तकौशल्य म्हणून केला आहे.

कापडाचा उतरता प्रवास

घोड आणि भीमा या नद्यांच्या काठचा हा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. कालव्याचे पाणी आणि ऊस येण्यापूर्वी बाजरी-ज्वारीवर निभावणाऱ्या कुटुंबांत नवे कापड क्वचितच येई. आलेले कापड पुरते संपेपर्यंत वापरणे ही घरातील स्त्रीची जबाबदारी असे. नऊवारी लुगडे प्रथम मध्यभागी विरते. तेवढा भाग काढून टाकून दोन्हीकडचे धड भाग एकमेकांना जोडीत. यास दांड घालणे म्हणत. दांडाचे लुगडे आणखी काही काळ निघे. पुढे त्यातून मुलीचा परकर, तान्ह्याचे झबले वा दुपटे, भाकरी बांधण्याचे फडके निघे आणि यांतून जे उरे ते गोधडीच्या पोटात जाई. गोधडीही जीर्ण झाली म्हणजे तिचे तुकडे डोक्यावरच्या चुंबळीला आणि अखेरीस सारवणाच्या पोतेऱ्याला लागत. या प्रत्येक पायरीवर कापडाची परीक्षा हातानेच होई. दोन्ही अंगठ्यांमध्ये ताणून, उजेडाकडे धरून ते अजून अंगावर चालेल की केवळ थरात, हे ठरविले जाई. पदवीच्या वर्गांना पर्यावरण अभ्यास सक्तीचा आहे. तेथे पुनर्वापराचा पाठ शिकविताना दांडाच्या लुगड्याचे उदाहरण कितीसे दिले जात असेल, हा प्रश्नच आहे.

काटकसरीचा हा हिशेब समजून घ्यायचा तर बोहारणीला विसरून चालत नाही. जुने कपडे घेऊन भांडी देणारी ही बाई दारी येत असे, याचा अर्थ जुनेराला बाजारात भाव होता. गोधडी ‘टाकाऊतून’ होते असे सर्रास म्हटले जाते ते या कारणाने तपासून पाहावे लागते. गोधडीत घातलेले प्रत्येक धड लुगडे म्हणजे न घेतलेले एक भांडे. कोणते कापड भांड्यासाठी द्यायचे, कोणते पांघरुणासाठी राखायचे, हा घरातील आर्थिक निर्णय होता व तो बहुतांशी बायकांच्या हाती होता.

रचनेचा विचार

गोधडी घालण्यास मोकळी जागा लागते. सारवलेल्या जमिनीवर अस्तराचे लुगडे ताणून पसरायचे, कोपऱ्यांवर दगड वा भांडी ठेवायची, त्यावर तुकड्यांचे थर अंथरायचे आणि वरून पुन्हा एक त्यातल्या त्यात बरे लुगडे घालायचे. टाका साधा धावदोऱ्याचा. तो कडेने सुरू होतो, चौकटीच्या आत चौकट घेत मध्याकडे सरकतो. या क्रमामागे कारण आहे. कडा आधी बांधल्या गेल्या म्हणजे आतले थर बाहेर पळत नाहीत, आणि शिवणारी जसजशी आत सरकते तसतशी पडणारी सूट मध्याकडे ढकलून सपाट करता येते. टाके जवळजवळ असतील तर गोधडी टिकते पण ताठर होते. लांब असतील तर मऊ राहते पण धुताना थर गोळा होतात. किती अंतर ठेवायचे हे कापडाच्या जातीवर व थरांच्या संख्येवर अवलंबून असते. गोधडीचे सौंदर्य पाहायचे तर ते प्रथम या निर्णयात पाहावे लागते. वरच्या बाजूची ठिगळेही केवळ शोभेची नसतात. जेथे वरचे लुगडे विरलेले असते तेथेच ती बसतात. रंगसंगती त्यानंतर येते. काठ आणि पदर वाया न घालवता चौकटीला लावण्याची रीत मात्र उघडच नजरेच्या सुखासाठी आहे. गरज आणि हौस यांची वाटणी करणाऱ्या समीक्षेला ती अडचणीची वाटावी.

बंगालच्या कांथेशी तुलना केल्यास मराठी अभ्यासातील उणीव ठळक होते. कांथाही जुन्या साड्या-धोतरांचीच आणि टाकाही धावदोऱ्याचाच. परंतु स्टेला क्रामरिश यांनी कांथेवर १९३९ मध्येच कलासमीक्षेच्या अंगाने लेखन केले व गुरुसदय दत्त यांनी कांथा जमविल्या. कांथेवर कमळ, हत्ती, रथ अशा आकृती असतात. ती भिंतीवर टांगून वाचता येते. गोधडीवर वाचण्याजोगे चित्र नसते. मराठीत ‘कंथा’ हा शब्द प्रामुख्याने जोगी-विरक्तांच्या ठिगळांच्या वस्त्रासाठी राहिला. गाडगेबाबांना (१८७६–१९५६) लोक गोधडेबुवा म्हणत, तेव्हाही गोधडीला मान मिळाला तो वैराग्याचा. ती शिवणारीच्या हाताचा नव्हे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांच्या कवंदीत कोपऱ्यांवर ‘फुला’ बसविल्याखेरीज ती पुरी झाली असे मानीत नाहीत. म्हणजे पूर्णत्वाची कसोटी करणारणींपाशी असते. अभ्यासकाने ती विचारून घ्यावयाची असते. शिरूर-दौंडच्या गोधडीसंबंधी असा प्रश्न विचारला गेल्याचे अपवादानेच आढळावे.

श्रम आणि मोबदला

दौंड तालुक्यातीलच केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळातील निराधार स्त्रिया व मुलींना आश्रय दिला आणि मुक्ती सदनात विणकाम, शिवणकाम, छपाई असे व्यवसाय शिकविले. तेथे सुई ही उपजीविका ठरली, कारण काम शिकविले जाई आणि त्याची गणना होई. त्याच परिसरातील घराघरांत चाललेले गोधडीचे काम मात्र ‘रिकाम्या वेळचे’ राहिले. वस्तुतः उन्हाळ्यातील दुपारी हा शेतातील काम संपल्यावरचा वेळ असला तरी तो रिकामा खचितच नव्हता.

आज अनेक ठिकाणी गिऱ्हाईक आपल्या साड्या देते आणि बाई मजुरीवर गोधडी शिवून देते. मजुरी सामान्यतः नगावर ठरते. टाके किती, दिवस किती, याचा भावाशी संबंध क्वचितच येतो. यंत्रावर शिवणाऱ्यांनी भाव आणखी खाली ओढला. यंत्राची शिवण सरळ येते, ती आतल्या चौकटीत वळत नाही. गिऱ्हाइकाला फरक दिसत नाही, कारण तो पाहण्याची सवय त्याला कोणी लावलेली नाही. समीक्षेच्या मौनाची किंमत येथे रोख रकमेत मोजली जाते. अमेरिकेतील अलाबामा राज्यातील जीज बेंड येथील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या कामाच्या कपड्यांपासून केलेल्या गोधड्यांचे प्रदर्शन २००२ मध्ये भरले आणि चित्रकलेच्या भाषेत त्यांची चर्चा झाली. त्यातील काही कारागिरांना २००७ मध्ये मोबदल्याच्या प्रश्नावरून न्यायालयात जावे लागले. ते दावे पुढील वर्षी मिटले. म्हणजे केवळ कौतुकाच्या भाषेने, मग ती कितीही वरच्या दर्जाची असो, मजुरीचा प्रश्न सुटत नाही, हेही नोंदविले पाहिजे.

बदललेले जुनेर

गोधडीला खरा धक्का ब्लँकेटाने दिला असे समजले जाते. त्यात गंमत अशी की स्वस्त ब्लँकेटांपैकी कितीतरी पानिपतची असतात आणि तीही देशोदेशींच्या जुन्या लोकरी कपड्यांचे धागे पिंजून केलेली असतात. अधिक खोलवरचा बदल कापडातच झाला. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या खिळखिळ्या झाल्या, १९८५ च्या वस्त्रधोरणाने कृत्रिम धाग्याला वाट मोकळी केली आणि घरोघरी सुती पातळाची जागा सिंथेटिक साडीने घेतली. ही साडी विरत नाही, घाम शोषत नाही, तिचे थर एकमेकांवरून घसरतात. तिची गोधडी रंगाने भडक व अंगाला परकी लागते, अशी तक्रार जाणकार करतात. तक्रार खरी आहे. परंतु शिवणाऱ्या बाईवर तिचा ठपका ठेवता येत नाही. घरात जे जुने होते तेच ती वापरते, आणि हाच या कलेचा मूळ नियम आहे. याउलट शहरांतील दालनांत कोऱ्या छापील सुती कापडाचे मुद्दाम तुकडे करून शिवलेल्या ‘पारंपरिक’ गोधड्या विकल्या जातात. त्यांची शिवण पुष्कळदा चांगली असते, करणारणींना कामही मिळते. पण नवे कापड फाडून जुन्याचा आभास निर्माण करणे हे गोधडीचे सोंग होय; आणि त्यांची किंमत पाहता खेड्यातील हाती शिवलेल्या गोधडीची मजुरी अधिकच बोचते.

तान्ह्या बाळाच्या दुपट्याच्या बाबतीत मात्र तडजोड सहसा होत नाही. त्यासाठी अजूनही अनेकदा धुऊन मऊ झालेले सुती जुनेरच हवे असते. घरात ते नसले तर गल्लीतील एखाद्या म्हातारीच्या ट्रंकेची आठवण होते, आणि सून तिच्याकडे नऊवारीचा एक धडपा मागायला जाते.