मदतीची मैफल आणि तरुण वादक : एक चिकित्सा

प्रास्ताविक

एखाद्या कार्यासाठी मैफल भरवून निधी उभारणे ही गोष्ट मराठी रसिकाला अपरिचित नाही. तथापि अशा मैफलीची समीक्षा क्वचितच होते. हेतू चांगला असल्यामुळे तिच्या कलात्मक बाजूविषयी बोलणे अनुचित मानले जाते आणि जमलेली रक्कम हाच यशाचा एकमेव निकष ठरतो. मदत पूरग्रस्तांना वा दुष्काळग्रस्तांना द्यावयाची असेल, तर हा निकष बहुतांशी पुरेसा असतो. परंतु मदत घेणारे स्वतःच वादक असतील, विशेषतः वाद्यवृंदात स्थान मिळवू पाहणारे तरुण वादक असतील, तर तो अपुरा पडतो. अशा वेळी पैसा किती जमला याबरोबरच त्या तरुणांचे वादन कोणी ऐकले काय, हेही विचारावे लागते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार मालवण किनारा आणि शेजारचा गोवा यांच्या संदर्भात केला आहे.

मदतीच्या खेळाची परंपरा

मराठी रंगभूमीवर 'बेनिफिटचा खेळ' ही संज्ञा जुनी आहे. तिचे सर्वात गाजलेले उदाहरण म्हणजे ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी झालेला 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग. बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे दोन प्रतिस्पर्धी गायकनट त्यासाठी एकत्र आले. पुढे १९५२ मध्ये व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून भारतात आले आणि त्यांनी दुष्काळनिवारणासाठी मैफली केल्या.

या दोन्ही प्रसंगांची घडण सारखीच आहे. देणारा कलावंत रंगमंचावर असतो. घेणारा रंगमंचाबाहेर असतो. राष्ट्रकार्य किंवा दुष्काळ हा हेतू असल्यामुळे त्यात काही वावगे नाही. पण हीच घडण तरुण वादकांच्या मदतीसाठी जशीच्या तशी वापरली, म्हणजे विसंगती निर्माण होते. नामवंत वादक वाजवतात आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप ते शेवटी पुष्पगुच्छ घेण्यापुरते व्यासपीठावर येतात. त्यांची गरज सर्वांना समजते. त्यांचा सूर मात्र कोणालाच समजत नाही.

चेंबर संगीताचे वैशिष्ट्य

पाश्चात्त्य संगीतात मोजक्या वादकांनी, एका स्वरपंक्तीला एकच वादक या न्यायाने सादर करावयाच्या रचनांना चेंबर संगीत म्हणतात. मोठ्या वाद्यवृंदात अनेक व्हायोलिनवादक एकच स्वरपंक्ती वाजवतात. तेथे एकाची चूक इतरांच्या सुरांत झाकली जाते आणि एकाचे कौशल्यही तसेच झाकले जाते. चौघांच्या चमूत मात्र संचालक नसतो आणि आडोसाही नसतो. प्रत्येकाला दुसऱ्याचा श्वास ऐकत वाजवावे लागते. म्हणूनच वाद्यवृंदाच्या शिक्षणात चेंबर संगीताला मोठे महत्त्व आहे.

या दृष्टीने मेंडेल्सोनची आठ तंतुवाद्यांची रचना (१८२५) लक्षणीय ठरते. ती रचली तेव्हा त्याचे वय सोळा वर्षांचे होते आणि ती त्याने आपले व्हायोलिनचे शिक्षक एडुआर्ड रिट्झ यांना वाढदिवसानिमित्त अर्पण केली. वादक आठच असले तरी त्यांनी ती वाद्यवृंदाच्या थाटात वाजवावी, अशी त्याची अपेक्षा होती. गुरू आणि शिष्य शेजारी बसून वाजवू शकतील अशा रचनांत तिचे स्थान मोठे आहे. मदतीच्या मैफलीसाठी रचना निवडताना हा विचार झाला पाहिजे. केवळ लोकप्रियतेवर निवड केल्यास तरुणांच्या वाट्याला दुय्यम भूमिकाच येते.

दशावतारातील तीन वादक

या प्रश्नाकडे पाहण्याची एक देशी दृष्टी सिंधुदुर्गातच उपलब्ध आहे. दशावताराच्या खेळात पेटी, मृदंग आणि झांज एवढीच साथ असते. लिखित संहिता नसल्यामुळे नट कोणत्या क्षणी पदाला हात घालील, हे पेटीवाल्याला त्याच्या बोलण्याच्या चढउतारावरून ओळखावे लागते. मृदंगवादकाला युद्धाचा आवेग आणि पात्राचे पाऊल दोन्ही सांभाळावे लागते. या तिघांपैकी कोणालाही आडोसा नाही. चेंबर संगीताशी या प्रकाराचे नाते संगीतरचनेचे नाही. ते परस्परांना ऐकण्याच्या शिस्तीचे आहे.

खेळाच्या ओघात प्रेक्षकांतून आरतीचे ताट फिरते. ताटात पैसे टाकणारा गावकरी दाता असतो, पण त्याआधी तो श्रोता असतो. पेटीवाला चुकला तर तो ते बोलून दाखवतो. येथे देणे आणि दाद यांची फारकत झालेली नाही. मात्र जत्रांचा हंगाम पावसाळ्यापूर्वी संपतो आणि साथीदारांचे कामही थांबते. त्या काळात शिकू पाहणाऱ्या तरुण साथीदाराचा विचार कोणी करावा, हा प्रश्न शिल्लक राहतो.

गोव्याचा अनुभव

गोव्यात चर्चशी संलग्न शाळांतून स्वरलिपी शिकलेल्या वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीताला आकार दिला. परंतु त्यांतील बहुतेकांची नावे श्रेयनामावलीत आली नाहीत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये स्वतःचा वाद्यवृंद उभा करून या वादकांना पडद्यामागून रंगमंचावर आणण्याचा प्रयत्न केला. २००६ मध्ये मुंबईच्या एनसीपीएने 'सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' स्थापन केला, तेव्हा बहुसंख्य वादक परदेशांतून आणावे लागले. देशात वादक घडवणारी साखळी तुटली होती, याचेच हे द्योतक होय.

२००९ मध्ये डॉ. लुईस डायस यांनी गोव्यात स्थापन केलेले 'चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन' वंचित मुलांना वाद्ये शिकवते. त्यांच्या प्रेरणास्थानांपैकी एक म्हणजे दक्षिण आफ्रिकेतील सोवेटोचा 'बसकेड' हा उपक्रम. त्याचा आरंभ १९९२ मध्ये ब्रिटनमधील सोळा रेल्वे स्थानकांवर व्यावसायिक वादकांनी एकाच वेळी वाजवून निधी जमवला, त्यातून झाला. सुरुवात इतरांनी त्यांच्यासाठी वाजवण्यापासून झाली. पुढे सोवेटोतील तरुण स्वतः लंडनच्या मोठ्या रंगमंचावर वाजवू लागले. मदतीच्या मैफलीची सार्थकता या प्रवासात आहे.

निष्कर्ष

यावर एक आक्षेप संभवतो. शिकाऊ वादकांचे वादन अपरिपक्व असते. तेव्हा त्यांना पुढे आणल्यास श्रोत्याला कौतुकाखेरीज काही करता येत नाही. आक्षेपात तथ्य आहे. पण दोष तरुणांना वाजवू देण्यात नसून त्यांच्या तयारीशी न जुळणारी रचना निवडण्यात आणि न ऐकताच टाळ्या वाजवण्यात आहे. दयेपोटी दिलेली दाद वादकाला काहीच शिकवत नाही. सूर कुठे ढळला, लय कुठे पळाली, हे सांगणारी समीक्षा ही त्याला वादक म्हणून दिलेली मान्यता आहे.

सारांश, तरुण वादकांसाठीच्या मैफलीत त्यांनी ज्येष्ठांच्या बरोबरीने वाजवावे, त्यांची नावे कार्यक्रमपत्रिकेत यावीत आणि त्यांच्या वादनाची समीक्षा व्हावी. सिंधुदुर्गातील महाविद्यालयांनी पेटी-मृदंगाच्या तरुण साथीदारांसाठी पावसाळ्यात अशी मैफल भरवली, तर आरतीच्या ताटामागील जुने शहाणपण नव्या रूपात टिकेल. त्या ताटात नुसते पैसे पडत नसत. रात्रभर जागून ऐकणारे कान त्यामागे असत.