पुलाचा गुण कोणाचा?

रेल्वेपूल वर्षागणिक झिजतो हे सांगायला गणित लागत नाही. गणित लागते ते पुढच्या प्रश्नासाठी : हजारो पुलांपैकी आधी कोणता तपासायचा आणि कोणावर खर्च करायचा? यासाठी बरीच वर्षे वापरात असलेल्या एका प्रतिमानाची येथे झडती घेऊ.

हे प्रतिमान म्हणजे एक शिडी आहे. भारतीय रेल्वेत मोठ्या पुलाच्या पाया, खांब, बेअरिंग, गर्डर अशा प्रत्येक भागाला तपासणीनंतर गुण देतात. ५ म्हणजे सुस्थिती, ३ म्हणजे मोठी दुरुस्ती हवी, १ म्हणजे ताबडतोब पुनर्बांधणी. सर्वांत कमी गुण तोच पुलाचा एकूण गुण. आता समजा, वरच्या पायरीवरच्या १०० गर्डरांपैकी दरवर्षी ५ टक्के खाली घसरतात. वर्षाने ९५ उरतील, दोन वर्षांनी सुमारे ९०, दहा वर्षांनी सुमारे ६०. चक्रवाढ शिकलेला विद्यार्थी हे सहज करील. यालाच मार्कोव्ह साखळी म्हणतात.

सोपेपणा हा तिचा गुण आहे, पण तोच दोषही आहे. या साखळीला स्मरणशक्ती नसते. एका पायरीवर वर्षभर असलेला आणि वीस वर्षे असलेला गर्डर, दोघांची घसरण्याची शक्यता ती सारखीच धरते. लोखंड मात्र विसरत नाही. जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा ताण त्यात साठत जातो. दुसरे असे, की फार खालावण्याआधीच पुलाची दुरुस्ती होते. त्यामुळे जिथे धोका जास्त, तिथल्याच नोंदी तुटपुंज्या असतात.

आमचा मुख्य आक्षेप वेगळा आहे. नोंदवलेला गुण पुलाचा नसतो, पाहणाऱ्याचा असतो. स्कॉटलंडमधला टे नदीवरचा पूल १८७८ च्या जूनमध्ये खुला झाला. त्याची देखरेख करणाऱ्या हेन्री नोबल यांचा अनुभव विटकामाचा होता, लोखंडी कामाचा नव्हे. खांबांमधल्या ताणपट्ट्या खडखडताना त्यांनी ऐकल्या, फटींत लोखंडी तुकडे ठोकले आणि आवाज थांबवला. पट्ट्या सैल का झाल्या, हा प्रश्न रचनाकार टॉमस बाउच यांच्यापर्यंत गेलाच नाही. २८ डिसेंबर १८७९ च्या वादळात पूल गाडीसह नदीत कोसळला. त्याचे वय दीड वर्ष होते. चौकशीत रचना, बांधणी आणि देखभाल या तिन्हींत दोष निघाले. वयावर चालणाऱ्या कोणत्याही शिडीने त्याला वरच्याच पायरीवर ठेवले असते.

नॉटिंगहॅम विद्यापीठातील संशोधकांनी ब्रिटनच्या रेल्वेपुलांसाठी वापरलेली पेट्री जाळी या दृष्टीने पुढचे पाऊल आहे. तिथे पुलाची खरी स्थिती आणि तपासणीत कळलेली स्थिती वेगवेगळी मांडता येते. झीज आज सुरू होते, पण कळते पुढच्या तपासणीला. मधला काळ हाच धोका, आणि तो मोजता येतो. तरीही तपासनीस काय पाहू शकला नाही, ते गणित आपणहून सांगणार नाही.

वर्गात ही शिडी जरूर मांडावी. मात्र फळ्यावर ५ लिहिताना एवढे विचारावे : हा आकडा कोणी, कुठे उभे राहून, काय पाहून दिला?