जुन्या नोंदींचे संगणकीय स्थलांतर व मेटाडेटाचा प्रश्न : जाफराबाद तालुक्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
संगणकीकरणाच्या चर्चेत किती नोंदी संगणकात आल्या यास महत्त्व दिले जाते. त्यांचा अर्थ त्यांच्यासोबत आला काय, हा प्रश्न मागे राहतो. माहितीविषयीची माहिती म्हणजे मेटाडेटा. आकडा कोणत्या एककातील, वर्ष कोणत्या कालगणनेतील, रकाना कशासाठी, हा तपशील या संज्ञेत येतो. जुन्या मेनफ्रेम संगणकावरील माहिती नव्या प्रणालीत आणताना जी अडचण उद्भवते, तीच कागदी जमीन-अभिलेखांच्या बाबतीतही दिसते.

मेनफ्रेमवरील अनुभव :
कोबोल भाषेतील प्रणालींत फाइलमध्ये अक्षरे व अंक सलग साठवलेले असतात. त्यांची फोड सांगणारे वर्णन ‘कॉपीबुक’ या स्वतंत्र मजकुरात असते. दशांशचिन्ह बहुधा साठवलेलेच नसते. ते कोठे मानावे एवढेच कॉपीबुक सांगते. शिवाय एकाच जागेला दोन अर्थ देण्याची सोय या भाषेत आहे. माहिती एकत्र करणारे नवे साधन कॉपीबुक वाचून रकान्यांची नावे, लांबी व प्रकार उचलते. परंतु कोणत्या नोंदीस कोणता अर्थ लागू, हा नियम मूळ प्रोग्रॅममध्ये किंवा तो चालविणाऱ्यांच्या स्मरणातच राहतो.

जाफराबादचा संदर्भ :
जाफराबाद 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. 1956 मध्ये ते द्विभाषिक मुंबई राज्यात, 1960 मध्ये महाराष्ट्रात व 1981 मध्ये नव्या जालना जिल्ह्यात आले. संस्थानी कागदपत्रांत उर्दू व मोडी लिपी, फसली सन आणि एकर-गुंठे ही मापे आढळतात. फसली 1357 म्हणजे इ. स. 1947-48, हा भेद न नोंदविल्यास संगणकास ते चौदाव्या शतकातील वर्ष वाटेल. क्षेत्राचा प्रश्न अधिक गंभीर आहे. ‘1.20’ हा आकडा 1 एकर 20 गुंठे मानल्यास क्षेत्र सुमारे 61 आर भरते. 1 हेक्टर 20 आर मानल्यास 120 आर, म्हणजे जवळजवळ दुप्पट. आकडा तोच, परंतु शेतकऱ्याचा हक्क बदलतो.

उपायांची चिकित्सा :
2017 मध्ये संगणकीकृत सातबाराचे चावडीवाचन झाले. 2020 मध्ये सातबाराच्या नव्या नमुन्यात क्षेत्राचे एकक छापले जाऊ लागले. हे दोन्ही उपाय स्वागतार्ह आहेत. कारण पहिल्याने जाणकारांचे स्मरण पडताळणीत आणले व दुसऱ्याने अर्थ आकड्याशेजारी ठेवला. तथापि छापलेले एकक आजचा अर्थ सांगते. रूपांतर करतेवेळी चूक झाली असल्यास ती त्यामुळे उघड होत नाही, उलट अधिकृत भासते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 155 अन्वये लेखनातील चूक दुरुस्त करता येते; मात्र त्यासाठी मूळ नोंद वाचता आली पाहिजे.

निष्कर्ष :
रकान्यांची रचना साधनाला आयात करता येते. अर्थ मात्र माणसांनी लिहून ठेवावा लागतो. म्हणून रूपांतरित आकड्यासोबत मूळ आकडा, मूळ एकक व मूळ सन जतन करणे आवश्यक आहे. उर्दू, मोडी, इतिहास व संगणकशास्त्राच्या अध्यापकांनी एकत्र येऊन तालुकानिहाय संज्ञासूची तयार केल्यास हे काम शक्य होईल. जुन्या नोंदी वाचू शकणारी पिढी हयात आहे, तोवरच ते होणे इष्ट ठरेल.