बुद्धिबळाच्या आज्ञावलीतील नाम आणि क्रिया

बुद्धिबळाचा खेळ संगणकाकरिता ऑब्जेक्ट-ओरिएंटेड, म्हणजे वस्तुकेंद्री, पद्धतीने लिहावयाचा झाल्यास बहुधा एकच मांडणी सुचविली जाते : 'मोहरा' हा मूळ वर्ग, राजापासून प्याद्यापर्यंत त्याचे सहा वारस, आणि आपली चाल वैध की अवैध याचा निर्णय ज्याचा त्याने करावयाचा. वर्ग व वारसा या कल्पना डाल व नीगार्ड या नॉर्वेजियन संशोधकांनी 'सिम्युला ६७' या भाषेत मांडल्या, आणि प्रस्तुत मांडणी त्यांचे सुबक उदाहरण दिसते खरे. परंतु खेळास ती मानवत नाही.

घोड्यास आपली अडीच घरे ठाऊक असतात. आपण हललो तर आपल्याच राजास शह बसेल, हे मात्र सर्व पट पाहिल्यावाचून त्यास कळणार कसे? किल्लेकोटात राजा व हत्ती एकाच चालीत हलतात. दोघेही तोपर्यंत हललेले नसावे लागतात. मग हा नियम कोणाच्या पदरी घालावा? दोन घरे पुढे आलेले प्यादे शेजारच्या प्याद्याने जाता जाता मारावयाचे, तर तो हक्क लगेचच्या एका चालीपुरताच असतो. हा इतिहास प्याद्याच्या ठायी नाही.

व्याकरणाच्या अभ्यासकास हा घोटाळा अपरिचित नाही. कर्ता, कर्म, करण ही कारके नामाच्या अंगी स्वभावतः वसत नाहीत. क्रियेच्या संबंधानेच ती ठरतात. तद्वत् येथे 'चाल' हीच स्वतंत्र वस्तू मानणे युक्त होय. कोठून, कोठे, काय मारले, आणि पूर्वीचे हक्क कोणते होते, हे सर्व तिने जवळ बाळगावे. गॅमा प्रभृती चौघांच्या १९९४ च्या 'डिझाइन पॅटर्न्स' या ग्रंथात आज्ञेलाच वस्तुरूप देण्याचा जो प्रकार वर्णिला आहे, तो हाच. प्रस्तुत लेखकाच्या पहिल्या आज्ञावलीत किल्लेकोट मागे घेतला असता राजा स्वस्थानी परतला आणि हत्ती पटाच्या मध्यावरच राहिला! चालीस आपली पूर्वस्थिती ठाऊक नव्हती, एवढेच त्याचे कारण.

यावर आक्षेप असा की, मग मोहरा निव्वळ नाममात्र उरतो. आम्हांस तसे वाटत नाही. आपला पल्ला सांगणे हे त्याचेच काम. वैधतेचा निवाडा मात्र 'स्थिती'ने करावा. आणि स्थिती म्हणजे केवळ चौसष्ट घरे नव्हेत. तीच स्थिती तिसऱ्यांदा आल्यास खेळाडूस बरोबरी मागता येते. तेथे खेळी कोणाची, किल्लेकोटाचे हक्क कोणते आणि जाता जाता मारणे शक्य आहे काय, हेही जुळावे लागते. नुसत्या मोहऱ्यांची जागा ताडून पाहणारी आज्ञावली अशा वेळी नसलेली बरोबरी जाहीर करून मोकळी होते.