पंक-गीतांतील मित्रशोक

विलापिका हा काव्यप्रकार इंग्रजी वाङ्मयांत मोठी प्रतिष्ठा पावलेला आहे. १६३७ सालीं समुद्रांत बुडून वारलेल्या आपल्या सहाध्यायावर मिल्टननें 'लिसिडास' लिहिलें. कीट्सच्या मृत्यूवर १८२१ मध्यें शेलेनें 'अडोनेइस' रचलें. आणि आर्थर हॅलम हा २२ वर्षांचा मित्र १८३३ सालीं वारल्यावर टेनिसन त्या एका दुःखाभोंवतीं सतरा वर्षें घुटमळत राहिला, तेव्हां कोठें १८५० मध्यें त्याचें 'इन मेमोरियम' प्रसिद्ध झालें. तिन्ही काव्यें अकालीं गेलेल्या तरुणांवर आहेत, आणि तिन्हींत अखेरीस घडतें तें एकच. कवि रडून रडून शांत होतो आणि मेलेला मनुष्य कांहीं तरी निराळाच होऊन बसतो. कोठें तो तारका होतो, कोठें किनाऱ्याची रक्षक देवता, कोठें ईश्वर व सृष्टि यांत मिसळून जातो. वाचकाचें समाधान होतें. पण ज्यानें मित्र गमावला त्यास, आपला मित्र तारका झाला हें ऐकून खरोखर कितीसें समाधान वाटत असेल, हा प्रश्न या थोर काव्यांविषयींचा सर्व आदर मनांत बाळगूनही विचारावासा वाटतो.

कोणा पंडितानें तो ग्रंथांत विचारला असता तर त्याची चर्चा झाली असती. तो विचारला अमेरिकेंतील कांहीं तरुण मुलामुलींनीं, आणि तोही अशा संगीतांतून कीं, ज्यास संगीत म्हणण्यास आमच्या वाचकांपैकीं पुष्कळजण तयार होणार नाहींत. 'पंक' या इंग्रजी शब्दाचा अर्थ उनाड, टाकाऊ मनुष्य. (संस्कृतांत पंक म्हणजे चिखल, त्यावरून 'पंकज' वगैरे कोटी सुचण्यासारखी आहे, ती वाचकांनीं मनांतल्या मनांत करून घ्यावी.) १९७४ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या बावरी भागांतील एका मद्यगृहांत हें संगीत रुजूं लागलें, १९७६ मध्यें रमोन्स या मंडळाची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली, आणि त्याच वर्षीं लंडनमध्येंही त्याचा गवगवा झाला. तीनचार स्वरमेळ, दोन-अडीच मिनिटांचा अवधि, शिक्षण नसलेला कंठ आणि धांवता ताल एवढेंच त्याचें भांडवल. वाजविण्याची कला अंगीं येण्याची वाट न पाहतां वाजवूं लागावें, हा त्याचा सिद्धांत.

या संगीताचा मृत्यूशीं संबंध आहे हें अनेकांस ठाऊक असतें, पण तें भलत्याच कारणामुळें. सिड व्हिशस १९७९ च्या फेब्रुवारींत, २१ व्या वर्षीं, मादक द्रव्याच्या अतिसेवनानें वारला. लॉस एंजलिसचा डार्बी क्रॅश १९८० च्या डिसेंबरांत, २२ व्या वर्षीं, जाणूनबुजून त्याच वाटेनें गेला. अशा मरणांभोंवतीं एक हीन दंतकथा वाढली, त्यांच्या चित्रांचे सदरे विकले गेले, आणि लवकर मरणें हेंच जणूं या कलेचें सार होय असा समज पसरला. सुजाण आईबापांस या संगीताची धास्ती वाटते ती यामुळेंच, आणि ती अगदींच अनाठायीं आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. पण मेलेल्याची दंतकथा ही एक गोष्ट आणि मागें उरलेल्यांचा शोक ही अगदीं दुसरी. पहिलीविषयीं हवें तेवढें लिहिलें गेलें आहे. येथें विचार दुसरीचा करावयाचा आहे.

जिम कॅरल (१९४९–२००९) हा मूळचा कवि. न्यूयॉर्कमधील कॅथलिक घरांत वाढलेला, शाळेंत बास्केटबॉलचा उत्तम खेळाडू, आणि त्याच वयांत हेरॉइनच्या आहारीं गेलेला. त्या दिवसांची त्याची रोजनिशी 'द बास्केटबॉल डायरीज' या नांवानें १९७८ मध्यें पुस्तकरूपानें निघाली. पुढें १९८० सालीं 'कॅथलिक बॉय' या त्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेंत 'पीपल हू डाइड' हें गाणें आलें. शीर्षक आणि यादीची कल्पना टेड बेरिगन या वडीलधाऱ्या कवीच्या याच नांवाच्या कवितेवरून घेतलेली आहे. बेरिगनची कविता म्हणजे फ्रँक ओहारा, जॅक केरुआक वगैरे माणसांच्या मरणाची संथ, जवळजवळ निर्विकार नोंद. कवि एकेक नांव खालीं ठेवतो आणि पुढें जातो. कॅरलनें तीच वही उचलली आणि तिला धांवावयास लावलें.

या गाण्यांत आहे तरी काय? नांव, वय, जागा आणि मरणाचा प्रकार. नगरपालिकेच्या मृत्युनोंदींत जे रकाने असतात, जवळजवळ तेच. एक मुलगा १२ वर्षांचा. नशेसाठीं डिंक हुंगून छपरावरून पडलेला. एक मुलगी ११ वर्षांची. एक मुलगा १४ व्या वर्षीं रक्ताच्या कर्करोगानें म्हातारा दिसूं लागलेला. कोणी तुरुंगाच्या कोठडींत गेला, कोणी व्हिएतनामच्या युद्धांत. बहुतेकांच्या वाटेस ओळ दोन ओळी. कोणाचे डोळे कसे होते, कोण कसा हसे, यांतलें कांहींच नाहीं. 'बॉबी' हें नांव तर तीनदां येतें आणि तिन्ही वेळां मरण निराळें. म्हणजे मुलगे तीन. कोणता बॉबी, हें सांगण्याची कवीस गरज वाटत नाहीं, कारण गल्लींतल्या मुलांस तें ठाऊकच आहे. हें गाणें कोणासाठीं आहे, तें या एका खुणेवरून कळतें. विलापिका बहुधा मृतास न ओळखणाऱ्या वाचकासाठीं लिहिलेली असते, म्हणून तिला मृताचे गुण वर्णन करावे लागतात. हें गाणें ओळखणाऱ्यांच्या घोळक्यांत उभें राहून म्हटलेलें आहे. पालुपदांतही मैत्री आणि मरण या दोन गोष्टींपलीकडे कांहीं नाहीं. ते थोर होते, होतकरू होते, जगते तर काय झाले असते, असा एक शब्द नाहीं. मित्र होते, एवढी पात्रता शोकास पुरेशी मानलेली आहे.

यादी संपते, पण गाणें संपत नाहीं. पहिल्या मुलापासून तें पुन्हां सुरू होतें. तींच नांवें, तींच वयें, तेंच छप्पर. कोणास ही रचनेंतील आळशी सोय वाटेल. आम्हांस तशी वाटत नाहीं. टेनिसनच्या काव्यांत नाताळ येतो, पुन्हां येतो, तिसऱ्यांदा येतो. दर खेपेस दुःखाचा रंग थोडा उतरलेला असतो, कारण काळ आपलें काम करीत असतो. कॅरलच्या गाण्यांत काळास शिरकावच नाहीं. पहिल्या फेरींत १२ वर्षांचा असलेला मुलगा दुसऱ्या फेरींतही १२ वर्षांचाच आहे. ज्या घरानें अकालीं मरण पाहिलें आहे त्या घरास ही पुनरावृत्ति ओळखीची वाटेल. तेथें मन कसलाही निष्कर्ष काढीत नसतें. तें पुन्हां पहिल्यापासून मोजूं लागतें. सबंध गाण्यांत एकाच ठिकाणीं ही नोंदवहीची शिस्त मोडते. एका मित्राचा उल्लेख येतांच कवि त्याला समोर असल्यासारखा हांक मारतो, इतरांपेक्षां तो अधिक जवळचा होता हें लपवीत नाहीं, आणि त्याला वंदन करतो. पुढच्याच क्षणीं यादी पुन्हां सुरू. तेवढ्या एका पक्षपातानें बाकीची सारी कोरडी नांवें ओलीं होतात.

दोष नाहींत असें नाहीं. कांहीं ठिकाणीं यमकाच्या ओढीनें मरण आल्यासारखें वाटतें, आणि एकामागून एक नांवें ऐकतांना क्वचित् असा संशय येतो कीं, हा शोक आहे कीं आपण किती पाहिलें याची फुशारकी? शिवाय एक प्रकारचा विकट विनोदही त्यांत आहे. करुण आणि हास्य हे परस्परविरोधी रस होत, असें साहित्यदर्पणकारांचें मत आहे. तें प्रमाण मानलें तर या गाण्यास रसभंगाचा दोष लागेल. पण चौदा-पंधरा वर्षांचीं मुलें मित्राच्या मरणाविषयीं आपापसांत कशीं बोलतात हें ज्यानें ऐकलें असेल, तो हा दोष लावण्यापूर्वीं क्षणभर थांबेल.

रसाचा विषय निघालाच आहे, तर या प्रकारच्या गाण्यांविषयीं मुख्य प्रश्न तेथेंच आहे. हीं गाणीं ऐकूं येतात तीं क्रोधाचीं. अर्थ लावूं जावें तर तो शोकाचा. मग यांतला स्थायीभाव कोणता? रौद्रापासून करुण उत्पन्न होतो, असें भरतानें नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायांत म्हटलें आहे, आणि तें उघड आहे. एकानें क्रोधानें मारलें कीं दुसऱ्याच्या घरीं रडणें येतें. पंक-गीतांत हा क्रम उलटा झालेला दिसतो. आधीं शोक, आणि त्यापासून क्रोध. पण रौद्रास शत्रूचें आलंबन लागतें, आणि कॅरलपाशीं शत्रूच नाहीं. डिंकावर रागवावें? रक्ताच्या रोगावर? छपरावर? ज्या क्रोधास कोणावर जाऊन पडावें हें कळत नाहीं, तो नुसता वेग होतो. या गाण्याचा जो धांवता ताल अनभ्यस्त कानास असह्य वाटतो, तो आमच्या मतें असा निराधार क्रोध आहे. हेंच शब्द संथ चालींत म्हटले असते तर डोळ्यांत पाणी आलें असतें, आणि पाणी आलें म्हणजे मन मोकळें होतें. तें मोकळें होऊं द्यावयाचें नाहीं, असाच या चालीचा हट्ट आहे.

क्रोधास शत्रु मिळाला म्हणजे काय होतें, याचेंही उदाहरण याच संगीतांत आहे. सिॲटलमधील 'द गिट्स' या मंडळाची गायिका मिया झपाता हिचा १९९३ च्या जुलैंत, ती २७ वर्षांची असतां, रात्रीं घरीं जातांना खून झाला. खुनी सांपडेना. तिच्या मैत्रिणींच्या 'सेव्हन इयर बिच' या मंडळानें १९९४ मध्यें जी ध्वनिमुद्रिका काढली तिचें नांव 'व्हिवा झपाता'. मेक्सिकोचा क्रांतिकारक एमिलियानो झपाता याचा हा जयघोष. पण एका मेलेल्या मुलीस 'चिरायु हो' म्हणण्यांत जो दाह आहे तो वेगळा सांगावयास नको. काव्य म्हणून पाहिलें तर कॅरलची बांधणी येथें नाहीं. न्याय मागणाऱ्याच्या आवाजांत जो एकसुरीपणा असतो तो येथें आहे. परंतु हा शोक गाण्यांत संपला नाहीं. त्याच वर्षीं, १९९३ मध्यें, सिॲटलच्या कलावंत स्त्रियांनीं स्वसंरक्षण शिकविण्यासाठीं 'होम अलाइव्ह' ही संस्था काढली. उरलेल्या गिट्सनीं जोन जेट या गायिकेबरोबर 'ईव्हल स्टिग' या नांवानें १९९५ मध्यें मुद्रिका काढली व तपासासाठीं पैसा उभा केला. हीं इंग्रजी अक्षरें उलटीं वाचलीं म्हणजे 'गिट्स जिवंत आहेत' असा अर्थ निघतो. खुनी अखेर रासायनिक पुराव्यावरून २००३ मध्यें सांपडला आणि २००४ मध्यें दोषी ठरला.

तिसरें उदाहरण क्रोधाचेंही नाहीं, आणि आम्हांस तें सर्वांत मोलाचें वाटतें. लॉस एंजलिसच्या बंदरालगत सॅन पेड्रो म्हणून कामकऱ्यांची वस्ती आहे. तेथें १३ वर्षांचा डी. बून झाडावरून उडी मारून माइक वॅट याच्या अंगावर पडला, आणि तेथून मैत्री जडली. मुलें रस्त्यावर भटकूं नयेत म्हणून बूनच्या आईनें त्यांस वाद्यें धरावयास लावलीं. वॅटनें बास गिटार घ्यावें हेंही तिनेंच सुचविलें. जॉर्ज हर्ली हा ड्रम वाजविणारा मिळून 'मिनटमेन' हें मंडळ झालें. १९८० च्या त्यांच्या पहिल्या मुद्रिकेवर सात गाणीं आहेत आणि तीं सात मिनिटांच्या आंत संपतात. १९८४ मधील 'डबल निकल्स ऑन द डाइम' हा त्यांचा मोठा जोड-संग्रह. १९८५ च्या डिसेंबरांत, २२ तारखेस, ॲरिझोनांत गाडीला अपघात होऊन बून गेला. तापानें आजारी असल्यामुळें तो मागें निजला होता. त्याचें वय २७. वॅटला २८ वें वर्ष पुरें होऊन दोनच दिवस झाले होते.

वॅटनें वाजविणें सोडून दिलें. ओहायोहून आलेल्या एड क्रॉफर्ड नांवाच्या एका चाहत्यानें त्याला आणि हर्लीला पुन्हां उभें केलें आणि १९८६ मध्यें 'फायरहोज' हें मंडळ निघालें. पण बूनविषयींचें मोठें गाणें यावयास बारा वर्षें लागलीं. १९९७ सालची 'कंटेंप्लेटिंग द इंजिन रूम' ही मुद्रिका म्हणजे एका दिवसांत घडणारी सलग संगीतकथा आहे. आरमारी जहाजाच्या इंजिनघरांत तीन खलाशी आहेत. वॅटचा बाप आरमारांत इंजिनावर होता, त्यामुळें ही त्याच्याही आयुष्याची कथा होते; आणि तिघे खलाशी म्हणजे मिनटमेनचे तिघे, हें ऐकणाऱ्यास लवकरच उमगतें. हर्ली तर आपल्या नांवानिशींच येतो. दुःख इतकीं वर्षें मुरवीत ठेवण्याच्या बाबतींत वॅटचें टेनिसनशीं नातें आहे खरें. पण टेनिसनचा मित्र जसा वर वर जातो, तसा वॅटचा मित्र जात नाहीं. तो खालीं, जहाजाच्या पोटांत, बॉयलरपाशीं कामावर आहे. त्याला थोरपण द्यावयाचें वॅटच्या मनांतच आलेलें नाहीं. शेजारीं उभें राहून काम करणें, हीच त्या दोघांची मैत्री होती, आणि मुद्रिकेंतही तीच आहे. ज्यांस पंक-संगीत मुळींच सोसत नाहीं त्यांनींही ही एक मुद्रिका, शब्द आधीं वाचून, अवश्य ऐकावी; तिचा ताल पुष्कळ संथ आहे, आणि तिच्यांत समुद्र आहे.

१९८६ मधील फायरहोजची पहिली मुद्रिका वॅटनें डी. बूनला अर्पण केली होती. त्यानंतर त्यानें मंडळें बदललीं, सोबती बदलले, पण बूनच्या आईनें हातीं दिलेलें वाद्य बदललें नाहीं. आणि पुढच्या मुद्रिकांवरही अर्पणपत्रिकेंत तेंच नांव येत राहिलें.